मदत हवी आहे: कुष्ठजंतू मेले की नुसते थिजले?

नमस्कार मंडळी, एमएस्सीच्या सेमिनारसाठी कुष्ठरोगाच्या जंतूंवर मिनोसायक्लिन या प्रतिजैविकाची (अँटिबायोटिकची) चाचणी कशी होते ते मांडायचंय, पण एका जागी गाडी अडलीये. हे जंतू प्रयोगशाळेतल्या प्लेटवर वाढतच नाहीत (डॉ. हॅन्सनने ते १८७३ मध्ये पाहिले, पण असे वाढवणं अजून कुणाला जमलेलं नाही!). म्हणून १९६० पासून शेपर्डची पद्धत: उंदराच्या तळपायात पाच-दहा हजार जंतू टोचायचे, खाद्यातून औषध द्यायचं आणि महिनोन्महिने थांबायचं, कारण एकाचे दोन व्हायलाच जवळपास दोन आठवडे लागतात. शेवटी मोजणीत संख्या वाढलेली नसेल, तर जंतू मेले की औषधामुळे नुसते थांबले, हे कसं ठरवतात? औषध बंद करून पुन्हा वाट बघायची, की जंतूंचा आरएनए (पेशी मेली की लवकर नष्ट होणारा रेणू) तपासायचा? कुणी प्रत्यक्ष हे काम केलंय का? सोमवारी सेमिनार आहे हो!