मदत हवी आहे: नवी बेअरिंग घालूनही एमटीबीचं (माउंटन बाइकचं) मागचं चाक जड फिरतंय

मंडळी, दोन आठवडे एकाच चाकाच्या मागे लागलोय. जाणकारांनी वेळ काढून वाचावं ही विनंती.

सायकल हार्डटेल (मागे सस्पेन्शन नसलेली) एमटीबी, २९ इंची चाकं, मागे १४८ बाय १२ मिलिमीटरचा थ्रू-अ‍ॅक्सल, म्हणजे फ्रेम आणि चाकातून आरपार जाणारा दांडा. पावसाळाभर वेताळ टेकडी, मुळशी, पौडच्या आतल्या पायवाटा, सगळीकडे चिखलात घातली. सप्टेंबर संपता संपता मागून खरखर यायला लागली. टेकडीवरून पाषाणच्या बाजूला उतरताना माझा मित्र पॅडल न मारता पुढे निघून जायचा, तोही माझ्यापेक्षा आठ-दहा किलो हलका. टायर दोघांचे एकच, हवाही आम्ही एकाच पंपाने भरतो. तेव्हा हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या बेअरिंगवाल्या भागावर संशय आला.

चाक काढून हबच्या आतला पोकळ अ‍ॅक्सल दोन बोटांनी फिरवला, तर साखरेवर वाटी घासावी तसं हाताला लागत होतं. हबच्या दोन्ही बाजूंना ६९०२ नंबरचं बेअरिंग निघालं: आतून १५, बाहेरून २८, जाडी ७ मिलिमीटर. ब्लेडच्या टोकाने सील उचललं, तर ग्रीस उरलंच नव्हतं, नुसता विटकरी लगदा. पुसल्यावर छर्‍यांवर टाचणीच्या टोकाएवढे काळे खड्डे दिसले. चूक माझीच. दर राइडनंतर प्रेशर वॉशरचा फवारा थेट हबवर मारायचो. पाणी सीलच्या ओठाखालून आत शिरतं आणि मग बाहेर यायला वाट नसते, हे आता कळलं.

नाना पेठेतून नवी दोन आणली. दुकानदाराने ६१९०२ दिली, नंबर वेगळा पण माप तेच. वर २आरएस (दोन्ही बाजूंना रबरी सील) आणि सी३ असं लिहिलंय. बसवताना हातोडी वापरली नाही. एम१२ चा आट्यांचा रॉड, दोन नट आणि जाड वॉशर घेऊन घरीच प्रेस केली. जुनी काढताना मात्र आतून पंच लावून ठोकून काढली होती.

आता खरी अडचण. खरखर पूर्ण गेली, पण चाक आधीपेक्षा जड झालंय. पूर्वी सायकल स्टँडला लावून चाक सोडलं की व्हॉल्व्हच्या वजनाने ते झोपाळ्यासारखं मागेपुढे व्हायचं आणि हळूहळू थांबायचं. आता व्हॉल्व्ह जिथे सोडावा तिथेच उभा राहतो. आत्तापर्यंत बघून झालेल्या गोष्टी:

चेन काढून बघितली, फरक नाही. ब्रेकचा कॅलिपर सोडवून बाजूला केला, फरक नाही. फ्रीहब (पॅडल थांबवलं तरी चाक फिरू देणारा भाग) उघडून त्यातल्या पॉल्सवरचं, म्हणजे खटक्यांवरचं घट्ट ग्रीस पुसलं, पातळ तेल लावलं. त्यामुळे कोस्टिंग करताना (पॅडल न मारता जाताना) चेन वरून सैल पडायची ती बंद झाली, पण चाकाचा जडपणा तसाच. थ्रू-अ‍ॅक्सल सैल ठेवला तर चाक बर्‍यापैकी मोकळं फिरतं. फ्रेमवर लिहिल्याप्रमाणे १२ न्यूटन-मीटरला आवळला की लगेच जखडतं. फ्रेम वाकडी आहे का म्हणून चाक फ्रेमबाहेर घेतलं, तोच एम१२ चा रॉड हबमधून घालून दोन्ही बाजूंनी नट आवळले. तिथेही तेच. म्हणजे फ्रेमचा दोष नाही.

एकाने सांगितलं की सिरॅमिक बेअरिंग घाल, प्रश्न मिटेल. दुसरा म्हणतो आबेक ७ ग्रेडचं घे. तिसरा म्हणतो सीलच काढून टाक. यातलं मला काहीच पटत नाहीये, पण माझ्याकडे दुसरं उत्तरही नाही. पुढच्या महिन्यात ताम्हिणीतून माणगावला उतरायचं ठरलंय आणि नवीन चाकाचं बजेट अजिबात नाही. नेमकं काय चुकतंय?

प्रतिसाद:

पिंपरी-चिंचवडला मशीन मेंटेनन्समध्ये आयुष्य गेलं, सायकलचा अनुभव त्या मानाने थोडा. पण बेअरिंग सगळीकडे सारखंच वागतं.

सिरॅमिकचा विचार आत्ता डोक्यातून काढा. हायब्रिड सिरॅमिकमध्ये छर्रे सिलिकॉन नायट्राइडचे असले तरी कड्या पोलादीच असतात आणि त्या गंजतात. आबेक म्हणजे मापांची अचूकता, सील आणि ग्रीसबद्दल तो आकडा काहीच सांगत नाही. सी३ म्हणजे आतला मोकळेपणा जरा जास्त, त्याने चाक जड होत नाही.

तुम्ही दिलेली सगळ्यात कामाची माहिती ही की आवळल्यावरच जखडतं. सील किंवा ग्रीस जड असतं तर सैल असतानाही तेवढंच जड लागलं असतं. आवळल्यावर दोन्ही आतल्या कड्या अ‍ॅक्सलच्या खांद्यांवर (जाडी वाढते त्या पायरीवर) टेकायला हव्यात आणि सगळा दाब अ‍ॅक्सलने घ्यायला हवा. एखादं बेअरिंग हबमध्ये पूर्ण बसलं नसेल तर त्याची आतली कडी खांद्यापासून किंचित लांब राहते. तुम्ही आवळता तेव्हा ती कडी आत ओढली जाते, बाहेरची कडी जागच्या जागी राहते आणि छर्रे मधल्या मध्ये तिरके दाबले जातात. केसाच्या जाडीएवढा फरक पुरतो.

व्हर्निअरच्या मागच्या दांडीने हबच्या काठापासून बेअरिंगच्या बाहेरच्या कडीपर्यंतची खोली मोजा, चार ठिकाणी, दोन्ही बाजूंना. आणि वॉशर केवढा घेतला होता ते सांगा. बसवताना दाब फक्त बाहेरच्या कडीवर यायला हवा. वॉशर दोन्ही कड्यांवर टेकत असेल तर आतली कडी अ‍ॅक्सलला अडते आणि बेअरिंग पुढे सरकतच नाही.

धागाकर्ता:

काका, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. आत्ताच मोजलं.

उजवीकडे चारही ठिकाणी एकच माप. डावीकडे तीन ठिकाणी सारखं, चौथ्या ठिकाणी बेअरिंग ०.३ मिलिमीटर वर. वॉशर दोन्ही कड्यांवर टेकणाराच होता.

तेवढ्यावर थांबवलं नाही, डावं बेअरिंग काढलं. हबच्या आतल्या खांद्यावर, नेमकं त्याच बाजूला, जुन्या ग्रीसची आणि तांबड्या मातीची खपली वाळून घट्ट बसली होती. नखाने निघेना. केरोसीनमध्ये चिंधी भिजवून दहा मिनिटं ठेवली, मग बांबूच्या काडीने खरवडली तेव्हा सुटली. खाली अ‍ॅल्युमिनियम स्वच्छ आहे, ओरखडा नाही. पहिल्यांदा बसवताना मी आत नुसता कपडा फिरवला होता, टॉर्च मारून बघितलंच नव्हतं.

आता बसवताना जुन्या बेअरिंगची बाहेरची कडी सँडपेपरवर घासून थोडी बारीक करणार आणि तीच दाब द्यायला वापरणार. आधी उजवं खांद्यापर्यंत, मग अ‍ॅक्सल घालून डावं, मध्ये मध्ये अ‍ॅक्सल फिरवून बघत. क्रम बरोबर आहे ना?

अजून दोन गोष्टी विचारायच्या आहेत. डावं बेअरिंग आतून, आतल्या कडीवर ठोकून काढावं लागलं. हाताला गुळगुळीत लागतंय, पण ठोक्याचा सगळा मार छर्‍यांमधून गेलाय. तेच परत घालू की टाकून देऊ? आणि नवं घ्यायचंच झालं तर दुकानात एनटीएन कंपनीची दोन प्रकारची आहेत. एलएलयूचं सील कडीला घासतं, एलएलबीचं घासत नाही आणि हातात फार हलकं फिरतं. मोह एलएलबीचा होतोय. पण हेच चाक जूनमध्ये पुन्हा मुळशीच्या चिखलात जाणार आहे. पुढे एलएलबी आणि मागे एलएलयू असं कुणी वापरलंय का? शनिवारी सकाळी दुकानात जातोय, त्याआधी कळलं तर बरं होईल.