लहान मुलांच्या सर्जनशीलतेत मोठ्यांनी किती लुडबुड करावी?

पाटीपेन्सिल :

तीन ते सात वर्षांच्या मुलांच्या सर्जनशीलतेला घरी प्रोत्साहन कसे द्यावे, असे विचारले की बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते : भरपूर साहित्य आणावे, एखादा वर्ग लावावा, मूल जे काही करील त्याचे तोंडभरून कौतुक करावे आणि जमल्यास छोटेसे बक्षीसही द्यावे. माझे मत नेमके याच्या विरुद्ध आहे. या वयातील मुलाकडे कल्पनांची वानवा नसते. त्याला हवा असतो वेळ, हवी असते जागा आणि हवा असतो असा मोठा माणूस, जो जवळ असूनही मध्ये पडत नाही.

बक्षिसाबद्दल मी ठामपणे बोलते, त्यामागे कारण आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी केलेला एक प्रयोग 1973 मध्ये प्रसिद्ध झाला. स्केचपेनांनी चित्रे काढणे ज्यांना मुळातच आवडत होते अशीच मुले त्यासाठी निवडली होती. काहींना प्रशस्तिपत्र मिळेल असे आधी सांगून चित्रे काढायला बसवले, काहींना ते चित्र झाल्यावर अचानक दिले, तर काहींना काहीच दिले नाही. पुढे वर्गातील मोकळ्या वेळात तीच स्केचपेने पुन्हा मांडून ठेवली, तेव्हा आधी बक्षीस कबूल केलेल्या मुलांनी चित्रांना इतरांच्या साधारण निम्माच वेळ दिला. शिवाय, बक्षिसासाठी काढलेली त्यांची चित्रे परीक्षकांना कमी दर्जाची वाटली. ज्या गोष्टीत मूल आपणहून रमत होते, तिला नुसते काम बनवून टाकणे म्हणजे काय, हे याहून स्पष्ट कसे दिसणार?

“असे नाही, असे काढ” हे वाक्यही मला तितकेच घातक वाटते. सूर्य कोपऱ्यातच हवा, आकाश निळेच हवे, रंग रेषेबाहेर जाता कामा नयेत, हे सारे नियम मुलाने केलेले नसतात. ते आपण त्याच्या कागदावर आणून ठेवतो.

कोरा_कागद :

आपली कळकळ समजते, परंतु निष्कर्ष पटत नाही. ज्या प्रयोगाचा आपण दाखला दिला, त्यातच आपल्या मताला मर्यादा घालणारी गोष्ट आहे. अचानक बक्षीस मिळालेल्या मुलांची आवड कमी झाली नव्हती, आणि सगळी मुले आधीपासूनच चित्रांत रमणारी होती. ज्या मुलाने खडू हातातच धरलेला नाही, त्याला पहिल्यांदा कागदापर्यंत आणायचे असेल तर काय करावे, याचे उत्तर हा प्रयोग देत नाही.

माझा मुख्य आक्षेप मात्र वेगळा आहे. ‘मध्ये न पडणे’ या तत्त्वाखाली मुलाला आपण अनेकदा असहाय सोडतो. पुठ्ठ्याचे घर करायला बसलेल्या पाच वर्षांच्या मुलाकडे नीट पाहावे. ते डिंकाची बाटली उपडी करते, डिंकाचे थारोळे होते, कागद भिजून सुरकुततो, भिंत उभी करून हात सोडला की ती हळूहळू आडवी होते. दोनदा असे झाले की मूल रडू लागते किंवा उठून जाते. त्या मुलाच्या डोक्यात घर आहे, अगदी खिडकीसकट आहे. अडले आहे ते एवढ्यावरच की डिंकाचा पातळ थर पुरतो आणि लावल्यावर थोडा वेळ दाबून धरावे लागते, हे त्याला कोणी दाखवलेले नाही. हे दाखवणे म्हणजे लुडबुड कशी? कात्री धरण्याची, गाठ मारण्याची, घडी नीट दाबण्याची रीत हाताला आली की कल्पनेला वाट मिळते.

रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगोट्स्की यांनी 1930 च्या सुमारास मांडलेला विचारही इथे महत्त्वाचा आहे. कल्पना अनुभवाच्या साठ्यातूनच घडते, म्हणून मुलाच्या निर्मितीला भक्कम पाया हवा असेल तर त्याचा अनुभव वाढवावा लागतो, असे त्यांचे म्हणणे होते. मुलाला नुसते मोकळे सोडल्याने अनुभव वाढत नाही. त्याला गोष्टी सांगाव्या लागतात, वस्तू उघडून दाखवाव्या लागतात, मुंग्यांच्या रांगेपाशी त्याच्यासोबत उकिडवे बसावे लागते.

रानफूल :

आपण दोघेही ज्या मुलाबद्दल बोलत आहात, ते निदान कागदाशी येऊन बसते. माझी साडेचार वर्षांची मुलगी कागद माझ्याकडे सरकवते आणि म्हणते, “मला येत नाही. तूच मांजर काढ.” मी काढून दिले की ती नुसते रंगवते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच मागणी होते. ‘तुझे तू काढ’ म्हटले तर कागद तसाच राहतो. अशा वेळी मध्ये न पडणे आणि करून दाखवणे हे दोन्ही उपाय थिटे पडतात.

सध्या मी चित्र काढत नाही, विचारते. मांजर बसले आहे की पळते आहे? शेपूट वर आहे की खाली? परवा तिने सांगितले की मांजराच्या पोटात दूध आहे. मी म्हटले, “मग ते कुठे दिसेल?” तिने आधी पोट काढले, त्यात पांढरा खडू घासला, तो दिसेना म्हणून निळ्याने भरले, आणि मग पोटाभोवती मांजर तयार झाले. शेपूट आणि पाय सारख्याच लांबीचे असल्यामुळे त्याला पाच पाय आहेत असे वाटत होते. घरातील एका वडीलधाऱ्यांनी “पोटातले दूध बाहेरून कसे दिसेल गं?” असे विचारले, तेव्हा तिने कागद पालथा केला. जॉर्ज-आंरी ल्युके या फ्रेंच अभ्यासकाने 1927 मध्येच लिहून ठेवले आहे की या वयाचे मूल जे दिसते त्यापेक्षा जे ठाऊक आहे ते काढते, म्हणूनच त्याच्या घराच्या भिंतीतून आतली माणसे दिसतात. हे घरातील मोठ्यांना समजावून सांगणे मला मुलीला चित्र शिकवण्यापेक्षा अवघड जाते आहे.

साधा_वाचक :

मूळ लेखातील कौतुकाविषयीच्या सूराला माझा विरोध आहे. दिवसभर कामावरून थकून आलेल्या आईला किंवा बापाला मूल धावत येऊन चित्र दाखवते आणि त्यांनी विचारपूर्वक मौन पाळावे, ही कल्पनाच मला क्रूर वाटते. आपल्या हातून काही चांगले घडले, हे मुलाला आपल्या माणसांच्या चेहऱ्यावर वाचायचे असते. ज्यांच्या वाट्याला लहानपणी हे आले नाही, अशी माणसे मोठेपणी कागदाजवळही जात नाहीत, हे मी जवळून पाहिले आहे.

साहित्याच्या ढिगाऱ्याबाबत मात्र मी लेखिकेच्या बाजूचा आहे. अमेरिकेत छत्तीस लहानग्यांवर केलेल्या आणि 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, सोळांऐवजी चारच खेळणी समोर असताना मुले प्रत्येक खेळण्याशी अधिक वेळ आणि अधिक तऱ्हांनी खेळली. बाकीची खेळणी उचलून ठेवायला पैसा लागत नाही.

पाटीपेन्सिल :

साधा_वाचक, मौन पाळावे असे मी म्हटलेले नाही आणि म्हणणारही नाही. माझा आक्षेप “वा, छान!” या न पाहताच दिलेल्या शेऱ्याला आहे. मूल तो शेरा ओळखते. काही दिवसांनी ते अशीच चित्रे काढू लागते ज्यांना हमखास “छान” मिळते, आणि मग एकच घर, एकच डोंगर, एकच सूर्य कागदामागून कागदावर येत राहतात. त्याऐवजी “इथे तू खडू फार जोरात दाबला आहेस” किंवा “हा लाल ठिपका सगळ्यांपासून लांब आहे” एवढे म्हटले तरी मूल पुढचे आपणहून सांगू लागते, कारण आपण खरोखर पाहिले आहे हे त्याला कळते. थकलेल्या माणसालाही एवढे जमते. “हे काय काढलेस?” हा प्रश्नसुद्धा मी टाळते. अगदी लहान मुलाच्या गिरगोट्यांत आधी नुसती हाताची हालचाल असते, नाव पुष्कळदा नंतर सुचते, आणि आपण घाई केली तर ते आपल्या समाधानासाठी काहीतरी नाव सांगून मोकळे होते.

रानफूल, आपण जे केलेत त्याला मी लुडबुड म्हणणार नाही. आपण तिच्या मांजराविषयी विचारलेत, आपले मांजर तिला दिले नाहीत.

कोरा_कागद, डिंक कसा लावावा हे जरूर दाखवावे. घर कसे असावे हे दाखवू नये. एलिझाबेथ बोनाविट्झ आणि सहकाऱ्यांच्या 2011 मधील प्रयोगात बालवाडीच्या मुलांना एक नवे खेळणे दिले होते, ज्यात आवाज, दिवा, संगीत आणि आरसा अशा चार करामती दडलेल्या होत्या. मोठ्या माणसाने शिकवण्याच्या आविर्भावात त्यातली एकच करामत दाखवली, तेव्हा मुलांनी ती लगेच उचलली, पण बाकीच्या शोधण्याचा प्रयत्न कमी केला. कारण मुले आपल्यावर विश्वास ठेवतात. मोठ्यांनी एवढेच दाखवले, म्हणजे यात एवढेच असणार, असे ती धरून चालतात.

कोरा_कागद :

या प्रयोगाचा अर्थ मी असा लावतो की दाखवावे, पण दाखवणे अपुरे आहे हेही सांगावे. “मला एवढेच ठाऊक आहे, आणखी काय होते ते तू बघ,” असे म्हणणारा मोठा माणूस मुलाचे काहीच हिरावून घेत नाही. आपला खरा मतभेद क्रमाचा आहे. आपण म्हणता, मुलाने आधी धडपडावे आणि अडल्यावर विचारावे. मी म्हणतो, काही मुले अडल्यावर विचारत नाहीत, उठून जातात, आणि ती उठण्याआधी हात पुढे करावा लागतो. हे कोणत्या मुलाबाबत कधी करायचे, ते त्या घरातल्या माणसांनाच पाहून ठरवावे लागेल. आपल्या नियमात मात्र या मुलांसाठी जागा ठेवावी, एवढा माझा आग्रह कायम आहे.