कॉलेजच्या बास्केटबॉल टीमचं व्हिडिओचं काम अंगावर घेऊ का? (सोलापूर)

बदली खेळाडू १४:
नमस्कार मंडळी. बीएस्सी कॉम्प्युटर, दुसरं वर्ष, सोलापूर. उंची पाच फूट चार इंच, त्यामुळे सिलेक्शनला पहिल्याच दिवशी बाहेर. बॅग उचलून निघालो तर सरांनी हाक मारली. "तू कॉम्प्युटरचा ना? मग मॅचचे व्हिडिओ काढ, कट कर, पोरांना दाखव. अमेरिकेत कॉलेजच्या टीमला त्यासाठी वेगळा माणूस असतो, व्हिडिओ कोऑर्डिनेटर म्हणतात त्याला." मी हो म्हणून बसलो.

जवळ एक साधा अँड्रॉइड फोन आहे आणि आठ जीबीचा लॅपटॉप. इंटरकॉलेजिएट तोंडावर आलीय. कॅमेरा घ्यावा लागेल का? सॉफ्टवेअर कुठलं? आणि खरं सांगा, याचं पुढं काही होतं का नुसतीच हमाली? पप्पा म्हणतात, "मॅच बघायचे पैसे कोण देतंय बे?"

स्लॅबवरची बाई:
मी हे काम तीन वर्षं केलंय, मुलींच्या टीमसाठी, सोलापुरातच. कॉलेजचं नाव सांगत नाही, कारण पुढं जे लिहिणार आहे ते वाचून दोघी-तिघी स्वतःला ओळखतील. सध्या पुण्यात नोकरी करते, खेळाशी संबंध शून्य. (हे पप्पांना सांगू नकोस.)

कॅमेरा अजिबात घेऊ नकोस. पहिल्या वर्षी आम्ही शहाणपणा करून नवी पेठेतल्या ओळखीच्या काकांना बोलावलं, ते लग्नाचं शूटिंग करायचे. काकांनी मॅच पण लग्नासारखीच काढली. जिच्या हातात बॉल तिचा क्लोजअप, बास्केट पडली की टाळ्या वाजवणारं पब्लिक, मधेच सरांचा घामेजलेला चेहरा. वर मिक्सिंग करून गाणं टाकून दिलं. पोरी खूश, घरोघरी दाखवला. पण बॉल डावीकडे असताना उजव्या कोपऱ्यात आमची कोण झोपलीय, हे त्यात कुठंच दिसेना.

मग मी फोन घेऊन कॅन्टीनच्या स्लॅबवर चढले. हाफलाइनच्या बरोबर समोर, उंचावर, तिवईवर फोन आडवा. दहाच्या दहा जणी फ्रेममध्ये हव्यात, झूम नाही. पश्चिमेकडे तोंड करून बसू नकोस, पाचनंतर सगळ्या काळ्या सावल्या दिसतात, नंबर वाचता येत नाही.

फोन एरोप्लेन मोडवर टाक. एकदा आईचा फोन आला "भाकरी किती टाकू" विचारायला, आणि शेवटच्या क्वार्टरची चार मिनिटं गेली ती गेलीच. आणि ऊन. एप्रिलमधल्या एका सराव सामन्याला दुसऱ्याच क्वार्टरला फोन तापून बंद पडला. चार्जिंगला लावून शूट करत होते, त्यानं आणखी तापला. नंतर दोन काठ्यांना टॉवेल बांधून वर सावली केली. सोलापुरात राहून टॉवेलला काय तोटा.

प्रत्येक क्वार्टरची वेगळी फाइल ठेव. अख्खी मॅच एका फाइलमध्ये काढलीस तर सरांच्या जुन्या पेनड्राइव्हवर ती जाणारच नाही. आत जागा असते तरी "फाइल मोठी आहे" म्हणतो. एफएटी३२ फॉरमॅट असला की चार जीबीच्या वरची एक फाइल तो घेत नाही. एक्सफॅट करून घे. व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठव, नाहीतर नंबर नऊ आणि नंबर चार सारखेच दिसतात.

सॉफ्टवेअरचं म्हणशील तर व्हीएलसी प्लेअर आणि एक एक्सेल शीट. मी एवढ्यावर तीन वर्षं काढली. व्हीएलसीमध्ये ई दाबलं की एकेक फ्रेम पुढं सरकते, शिफ्ट आणि डावा बाण दाबला की तीन सेकंद मागं. शीटमध्ये क्वार्टर, मिनिट-सेकंद, कुणाचा बॉल, काय झालं. बस. मोठी सॉफ्टवेअरं विकत घेऊन ज्यांनी सुरुवात केली त्यांचं काम महिनाभरात बंद पडलेलं मी बघितलंय.

आता मुख्य गोष्ट, आणि ही माझी चूक आहे. काकांचं बघून मी पण क्लिपांचा आवाज बंद करून खाली गाणं टाकायचे. वाऱ्याचा घरघराट आणि पब्लिकचा गोंधळ, तो कशाला ऐकायचा, असं वाटायचं. आमच्या टीममध्ये निम्म्या मुली पूर्वभागातल्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या. मॅचमध्ये त्या स्क्रीनची, म्हणजे समोरच्या टीमची मुलगी आपल्या डिफेंडरच्या वाटेत आडवी येऊन उभी राहते त्याची, हाक तेलुगूत द्यायच्या. उजवीकडून स्क्रीन येतेय, "कुडी". डावीकडून, "एडमा". बाकीच्यांनीही ते दोन शब्द उचलले, कारण बार्शी-अकलूजकडच्या टीमला ते कळायचे नाहीत. मला तेलुगू येत नाही, पण ते दोन शब्द अजून झोपेतही ओळखेन.

त्या वर्षी आमची नऊ नंबर सारखी स्क्रीनवर जाऊन आपटायची आणि ती जिला अडवत असायची ती मुलगी मोकळी सुटून रिंगजवळून लेअप मारायची. एका मॅचमध्ये सात वेळा. मी सातही प्रसंग कापले, खाली गाणं टाकलं आणि वर्गात प्रोजेक्टरवर सगळ्यांसमोर दाखवले. सर म्हणाले, "लक्ष कुठं असतं गं तुझं?" कॅप्टन, म्हणजे नंबर चार, पण बोलली. नऊ नंबर खाली मान घालून ऐकत होती. सगळे गेल्यावर माझ्याजवळ आली आणि एवढंच म्हणाली, "ताई, आवाज लाव की."

मूळ फाइल उघडली. सात प्रसंग, आवाजासकट. स्क्रीन लावणारीवर जी डिफेंडर असते, तिनं ओरडून सांगायचं असतं. कारण जी आपटणार असते ती बॉलवालीकडे बघत मागं सरकत असते, तिला पाठीमागचं दिसत नाही. सातपैकी पाच वेळा ती डिफेंडर चार नंबरच होती. दोनदा "कुडी" ऐकू आलं, ते दुसरीनं दिलेलं. चार नंबरच्या पाचही वेळा बुटांचा आवाज, शिट्टी, पलीकडच्या रस्त्यावरचा रिक्षाचा हॉर्न, आणि हाक नाही.

या वेळी वर्गात दाखवलं नाही. कॅप्टनला ग्राउंडच्या पायऱ्यांवर बसवलं, माझे इअरफोन दिले. पहिल्या दोन क्लिपांना ती "त्यात काय" म्हणाली. तिसऱ्याला गप्प. पाचवी झाल्यावर म्हणाली, "परत लाव." चार वेळा लावायला लावली. नंतर माझ्याशी पंधरा दिवस बोलली नाही, पण पुढच्या मॅचला स्लॅबवर मला तिचा आवाज बिनयंत्राचा ऐकू येत होता. नऊ नंबरची माफी मी एकटीत मागितली. सगळ्यांसमोर मागायला पाहिजे होती, तेवढं राहिलं.

जुनी शिट्टी:
बरीच वर्षं टीम हाताळतोय, म्हणून थोडं बोलतो. ताईंचं सगळं पटलं, एक सोडून. कोर्ट २८ बाय १५ मीटर असतं. स्लॅब जवळ असेल तर पूर्ण कोर्ट एका फ्रेममध्ये बसवायला फोनची रुंद लेन्स लावावी लागते, आणि मग लांबच्या रिंगखालची पोरं मुंगीएवढी होतात. त्यापेक्षा अर्धं कोर्ट आणि थोडं जास्त अशी फ्रेम ठेव आणि बॉल पलीकडे गेला की सावकाश वळव. झटका द्यायचा नाही. ही सवय लागायला दोन मॅच जातात.

क्वार्टर सुरू होताना दोन सेकंद स्कोअरबोर्ड घे, नाहीतर रात्री शीट भरताना कुठलं काय कळत नाही. २४ सेकंदांचं घड्याळ (बॉल आला की तेवढ्यात शॉट मारायचा असतो) आपल्याकडे बऱ्याचदा टेबलावरच्या पोराच्या स्टॉपवॉचमध्ये असतं, व्हिडिओत येत नाही. त्यामुळे बॉल ताब्यात आल्याची वेळ तूच लिही. आपण रिंगवरून उडालेला आपलाच शॉट पुन्हा पकडला तर २४ नाही, १४ मिळतात, हे पोरांना व्हिडिओवर मोजून दाखवलं की पटतं. तोंडी सांगून मी थकलो.

आणि सरांना विचारून घे, कुणाला काय दाखवायचं. पोरांना सहा मिनिटांच्या वर दाखवू नकोस. सातव्या मिनिटाला मोबाइल बाहेर येतात.

डबा घेऊन आलेला:
काय बे, पाच-चार म्हणून बाहेर काढलं? मग्सी बोग्ज पाच फूट तीन इंच होता, एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये, चौदा सीझन खेळला. सरांना सांग.
(तू बोग्ज नाहीस हे मलाही माहीत आहे. शेंगाचटणी पाठवू का सांत्वनाला?)

डेटावाला:
पैशाचं कुणीच बोललं नाही म्हणून. कॉलेजकडून ट्रॅकसूट आणि बाहेरगावी गेलास तर प्रवासखर्च मिळाला तरी नशीब समज. अमेरिकेत ही पगारी जागा असते, हाताखाली स्टुडंट मॅनेजर असतात. एरिक स्पोल्स्ट्रा १९९५ मध्ये एनबीएतल्या मायामी हीटच्या व्हिडिओ खोलीत लागला, २००८ मध्ये त्याच टीमचा मुख्य कोच झाला, २०१२ आणि २०१३ ला विजेतेपद. फ्रँक व्होगेल केंटकी युनिव्हर्सिटीच्या टीमचा स्टुडंट मॅनेजर होता, मग एनबीएतल्याच सेल्टिक्स टीमचा व्हिडिओ कोऑर्डिनेटर, आणि २०२० ला लेकर्ससोबत विजेता कोच. पप्पांना ही दोन नावं दाखव, पण त्यावर भरवसा ठेवून बीएस्सी सोडू नकोस. आपल्याकडे या कामाला पैसे आयपीएल आणि प्रो कबड्डीच्या टीमांत आहेत. तिथं अर्ज करताना तीन वर्षांच्या भरलेल्या शीट्स दाखवता आल्या तर तुझं बोलणं ऐकून घेतील. नुसत्या व्हिडिओंचा ढीग कुणी बघत नाही.

बदली खेळाडू १४:
सगळ्यांचे आभार. पप्पांना स्पोल्स्ट्रा दाखवला. "ह्याचा बाप काय करत होता ते बघ आधी," म्हणाले. बघितलं, तर त्याचे वडील एनबीएतल्याच टीमांत मोठ्या हुद्द्यावर होते. गप्प बसलो.

काल आमच्याही कॅन्टीनच्या स्लॅबवर चढलो. ताई, एक अडचण आहे. पाण्याची काळी टाकी मधे येते, उजव्या बाजूची रिंग निम्मी झाकली जाते. काय करू?

स्लॅबवरची बाई:
टाकीवर चढ. मी पण तेच केलं. झाकण पक्कं आहे का ते आधी बघ, माझं नव्हतं.