मदत हवी आहे: तीन किमतींचे तीन गेमिंग लॅपटॉप, जास्तीचे पैसे नक्की कशात टाकावेत?

नमस्कार मंडळी,

महिनाभर मी आणि माझी धाकटी बहीण लॅपटॉपच्या माहितीपत्रकांत डोकं घालून बसलो आहोत आणि तीन पर्यायांपाशी येऊन अडलो आहोत. दोघांत मिळून एकच लॅपटॉप घ्यायचा आहे. दिवसा ती त्यावर ब्लेंडर (थ्रीडी चित्रं बनवायचं सॉफ्टवेअर) शिकणार, रात्री मी खेळणार. तिने शिकवण्या घेऊन पैसे जमवलेत आणि मी पगारातून थोडे थोडे बाजूला टाकलेत, त्यामुळे पुढची पाच वर्षं तरी दुसरा लॅपटॉप घेणं होणार नाही.

आधीचा लॅपटॉप मी फक्त ग्राफिक्स कार्डाचं नाव बघून घेतला होता, १०५० टीआय. बाकी काही पाहिलंच नाही. रॅम ८ जीबीची एकच स्टिक, रंग फिके, आणि वीस मिनिटं खेळलं की तापून गेम अडखळायला लागायचा. थर्मल पेस्ट बदलून घेतली, तरी फार फरक पडला नाही. तीच चूक बहिणीच्या पैशांनी पुन्हा करायची नाही, म्हणून हा धागा.

पहिल्याची किंमत १०० धरली तर दुसऱ्याची १३० आणि तिसऱ्याची १७० होते.

पहिला: आय-५ १२४५०एच, आरटीएक्स ४०५० (६ जीबी), डीडीआर-४ रॅम ८ जीबी, एकच स्टिक, दुसरा स्लॉट रिकामा. ५१२ जीबी एसएसडी. स्क्रीन १०८०पी, १४४ हर्ट्झ, पण ४५ टक्के एनटीएससी (स्क्रीन किती रंग दाखवते त्याचं एक माप).

दुसरा: रायझन ७ ७८४०एचएस, आरटीएक्स ४०६० (८ जीबी), कार्डाला बूस्ट (गरजेला मिळणारी जादा वीज) धरून १४० वॅट. डीडीआर-५ रॅम १६ जीबी, दोन स्टिक. एसएसडी ५१२ जीबी आणि दुसऱ्या एसएसडीसाठी स्लॉट. स्क्रीन १०८०पी, १६५ हर्ट्झ, १०० टक्के एसआरजीबी (रंगांचं दुसरं, नेहमीच्या वापरातलं माप). मक्स स्विच आहे, म्हणजे स्क्रीन थेट ग्राफिक्स कार्डाला जोडता येते. अंगाने जाड आणि वजनदार.

तिसरा: आय-७ १३६२०एच, आरटीएक्स ४०७० (८ जीबी), पण फक्त ८५ वॅट. १६ जीबी रॅम थेट बोर्डावर सोल्डर केलेली, म्हणजे पुढे बदलता न येणारी. १ टीबी एसएसडी. स्क्रीन २५६० बाय १६००, रंग सुरेख. पातळ, हलका, हातात घेतला की मन जातं असा.

मला समजलेलं लिहितो, चुकत असेन तर सांगा.

पहिल्याची रॅम सहज सुटणारी अडचण आहे. एका स्टिकवर डीडीआर-४ ३२०० ला २५.६ जीबी प्रतिसेकंद मिळतात, तशीच दुसरी स्टिक टाकली की दुप्पट. हे घरी स्क्रूड्रायव्हर घेऊन होतं. पण ४०५० ची ६ जीबी मेमरी जन्मभर ६ जीबीच राहणार, आणि स्क्रीनही तीच. ४५ टक्के एनटीएससी म्हणजे एसआरजीबीच्या साधारण दोन तृतीयांशाएवढेच रंग. मी गेममध्ये चालवून घेईन, पण बहिणीने त्यावर कातडीचा किंवा लाकडाचा रंग जुळवला आणि दुसऱ्या स्क्रीनवर तो भलताच दिसला तर तिची मेहनत वाया जाईल.

तिसऱ्याचं मला मोठं कोडं आहे. लॅपटॉपच्या ४०७० मध्ये ४६०८ कुडा कोअर (कार्डातले आकडेमोड करणारे भाग), ४०६० मध्ये ३०७२, म्हणजे दीडपट. पण मेमरी दोन्हींत ८ जीबी आणि मेमरीकडे जाणारी वाट, म्हणजे बसही १२८ बिटचीच. शिवाय त्या स्क्रीनवर जवळजवळ ४१ लाख पिक्सेल, १०८०पीवर २१ लाखांहून थोडे कमी. म्हणजे कार्ड दीडपट आणि काम दुप्पट, तेही कमी वॅटवर! डीएलएसएसने (कमी पिक्सेलचं चित्र एआयने मोठं करण्याची सोय) भागेल म्हणतात, पण त्यातल्या फ्रेम जनरेशनला (मधले फ्रेम कार्डानेच बनवणं) ग्राफिक्स मेमरीही लागते, आणि मूळचे फ्रेमच कमी असतील तर आकडा वाढूनही हाताला जडपणा जाणवतो.

तेव्हा विचारायचं असं की ८५ वॅटचं ४०७० प्रत्यक्षात १४० वॅटच्या ४०६० च्या किती पुढे जातं? १६ जीबी सोल्डर रॅमवर ब्लेंडर पाच वर्षं निघेल का? आणि पहिला घेऊन उरलेले पैसे दुसरीकडे लावावेत असं कुणाला वाटतं का?

प्रतिसाद १

दादा, तुम्ही वॅट बघताय हे चांगलं, पण १४० या आकड्याला भुलू नका. ४०६० ला साधारण १०० वॅटच्या वर दिलेल्या विजेचा फार थोडा फायदा होतो. म्हणून १४० वॅटचं ४०६० हे १०० वॅटच्या ४०६० पेक्षा नावालाच पुढे. जाड लॅपटॉपचा खरा फायदा म्हणजे मोठे पंखे आणि जास्त तांबं, त्यामुळे तासभर खेळूनही वेग टिकतो. ४०७० ८५ वॅटवरसुद्धा पुढे राहील, पण दीडपट नक्की नाही. आणि डेस्कटॉपच्या ४०७० चे व्हिडिओ बघून अंदाज बांधू नका. त्यात ५८८८ कोअर आणि १२ जीबी मेमरी असते, नाव तेवढं एक.

ताईंसाठी मी सोल्डर रॅम घेणार नाही. ब्लेंडर, ब्राउझरमध्ये शिकवणीचा व्हिडिओ आणि फोटो एडिटर एकाच वेळी उघडे राहिले की १६ जीबी भरतात. दुसऱ्यात पुढे ३२ करता येतील.

प्रतिसाद २

पहिला घ्या आणि वाचलेल्या पैशांत बाहेरचा चांगला मॉनिटर जोडा, असं माझं मत. शिकायला आणि खेळायला मोठी स्क्रीन कधीही बरी, आणि लॅपटॉप बदलला तरी मॉनिटर राहतो. फक्त एचडीएमआय पोर्ट थेट ग्राफिक्स कार्डाला जोडलेलं आहे का ते विचारून घ्या.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. वॅटचं असं असेल हे मला माहीत नव्हतं.

मॉनिटरची कल्पना मला आवडली होती, पण बहिणीला लॅपटॉप वर्गात न्यावा लागतो आणि तिथे ती फिकी स्क्रीनच समोर असणार. शिवाय सायकल्सने (ब्लेंडरचं रेंडर इंजिन) रेंडर करताना, म्हणजे अंतिम चित्र तयार करताना, दृश्य ग्राफिक्स मेमरीत मावलं नाही तर काम एकदम रेंगाळतं किंवा मध्येच बंद पडतं. ६ आणि ८ मधले ते २ जीबी मला फ्रेमच्या आकड्यापेक्षा महत्त्वाचे वाटू लागलेत. मॉनिटर काय, पुढच्या वर्षीही घेता येईल.

वजनाबद्दल तिला विचारलं. ती म्हणाली, चार्जर तर कुठलाही घेतला तरी न्यावाच लागेल, कारण बॅटरीवर ग्राफिक्स कार्डाची वीज कापली जाते आणि रेंडर फार हळू होतं. बरोबरच आहे. तेव्हा तिसऱ्याचा हलकेपणा आमच्या फारसा कामाचा नाही.

प्रतिसाद १

मग दुसराच. घेताना रायझनचा पूर्ण नंबर डब्यावर वाचा. त्याच मालिकेत ७७३५एचएसवालाही येतो. दोन्ही ७००० चे, पण तिसरा अंक बघा: ७८४० मध्ये ४ म्हणजे झेन ४ (झेन हे प्रोसेसरच्या रचनेचं नाव), ७७३५ मध्ये ३ म्हणजे जुनं झेन ३ प्लस. वाईट नाही, पण मग किंमतही तशी हवी.

धागाकर्ता

हे फार बरं झालं सांगितलंत! आमच्या यादीत नुसतं रायझन ७ लिहिलेल्या दोन जागा आहेत, त्या आजच तपासतो.

आता एकच विनंती. कुणाकडे ४०६० चा जाड लॅपटॉप असेल तर कुठलाही जड गेम अर्धा तास चालवून तिसाव्या मिनिटाला कार्ड किती वॅट घेतंय आणि तापमान किती आहे, एवढं इथे लिहाल का? पहिल्या पाच मिनिटांचे आकडे सगळीकडे मिळतात, अर्ध्या तासानंतरचे कुठे सापडत नाहीत. मागच्या वेळी माझा लॅपटॉप तिथेच बसला होता. मॉडेल वेगळं असलं तरी चालेल, पंख्याचा मोड कोणता होता तेवढं सोबत लिहा.