आईच्या मणक्यात सिमेंट भरायचं म्हणतायत, कुणाच्या घरी केलंय का?

मीनल_क:
आईला ब्रेस्ट कॅन्सर, आता डी-12 मणक्यात उतरलाय. रेडिएशन झालं तरी कूस बदलली की जीव जातो तिचा, चहासुद्धा आडवी पडून स्ट्रॉने पिते. डॉक्टर म्हणतायत सुईने गाठ जाळायची आणि मणक्यात सिमेंट भरायचं, कॅन्सर यानं बरा होणार नाही पण दुखणं कमी होईल. वय 67, मोठं ऑपरेशन झेपणार नाही. पण सिमेंट ऐकूनच ती घाबरलीय, म्हणते आता राहू दे. काय करू?

वाटसरू_कराड:
ताई, माझ्या वडिलांचं केलं होतं, किडनीचा कॅन्सर मणक्यात गेलेला. पालथं झोपवलं, छातीखाली उशी, पाठीत भुलीचं इंजेक्शन आणि मग स्क्रीनवर बघत बघत सुई हाडात ठोकतात, ती टकटक त्यांना ऐकू येत होती आणि त्यालाच ते घाबरले, आईंना हे आधीच सांगून ठेवा. नंतर दोनेक तास उताणं पडून राहायचं. संध्याकाळी उठून बसले, दुधात भाकरी कुस्करून आपल्या हाताने खाल्ली. सात महिन्यांनी गेले, पण तेवढे दिवस बसून जेवले हो.

कॅथलॅब_टेक:
मी या कामात टेक्निशियन आहे. आईंना सांगा, हे घराचं सिमेंट नाही, गुडघा बदलताना वापरतात त्याच जातीचं आहे, आणि मणक्यात भरायला फ्रान्समध्ये 1984 ला सुरुवात झाली, नवा प्रयोग नाही. उठताबसताना जे दुखतं त्याला याचा जास्त उपयोग. मणक्याची मागची भिंत शाबूत आहे का हे मात्र विचाराच, फुटली असेल तर सिमेंट मज्जारज्जूकडे सरकायची भीती असते, म्हणून ते जरा घट्ट झाल्यावर थोडं थोडं भरतात. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, आपल्या मनाने बंद करू नका. आणि पायातली ताकद गेली किंवा लघवी तुंबली तर तारखेची वाट न बघता त्याच रात्री इमर्जन्सीला न्या, प्लीज.

मीनल_क:
पण ती पालथी झोपूच शकत नाही, तेव्हा काय करतात?

कॅथलॅब_टेक:
आधी दुखणं दाबायचं औषध देतात, गुंगीचंही देता येतं. भूलतज्ज्ञांना हे आधीच सांगा, ऐन टेबलावर नको.

मीनल_क:
उद्याच विचारते. टकटकचं आत्ता सांगितलं तिला. म्हणाली, बसून चहा पिता येणार असेल तर ठोकू देत.