मुलांना गुहाचित्रं शिकवायची आहेत : रंग, कागद, पद्धत सुचवा

मुलुंडकर : सोसायटीच्या हॉलमध्ये 8 ते 11 वयाची 12 मुलं, वेळ दोन तास. विषय मध्य प्रदेशातल्या भीमबेटकाची चित्रं. पोस्टर कलर नकोत, मातीचेच रंग हवेत. काय आणू?

गेरूमाती : पाव किलो गेरू पुरे. पूजेच्या दुकानात गेरूऐवजी शेंदूर देत नाहीत ना, ते नीट बघा. शेंदरात शिसं किंवा पारा असू शकतो. काळ्यासाठी इस्त्रीवाल्याकडचा कोळसा. कुटताना चार थेंब पाणी घाला, म्हणजे पूड उडत नाही. पांढऱ्यासाठी खडू. चुना नको, कातडी भाजते.

पाव वाटी बाभळीचा डिंक पाऊण वाटी पाण्यात रात्रभर भिजवून गाळा. 2 चमचे वस्त्रगाळ गेरूला 1 चमचा डिंकपाणी, मग ताकाइतकं सरसरीत होईल एवढं साधं पाणी. डिंक जास्त झाला की रंग चकाकतो आणि वाळून पापुद्रे सुटतात. कमी पडला की बोटाला लागतो. पावसाळ्यात डिंकपाण्याला लगेच बुरशी धरते, आदल्या रात्रीच करा.

कातळरेघ : कागद खाकी घ्या, चुरगळून अर्धवट उलगडा, जमिनीवर पसरा आणि खाली वर्तमानपत्राचे बोळे सरकवा. स्पेनमधल्या अल्तामिरा गुहेच्या छतावरचे बायसन (गव्यासारखे रानटी बैल) खडकाच्या फुगवट्यांवरच काढलेत. मुलांनी आधी हात फिरवून उंचवटा शोधावा, तिथे पोट दिसतं की पाठ ते ठरवावं, मगच रेघ. हा भाग घाईत उरकू नका, अख्ख्या वर्गाचा जीव यातच आहे.

हाताच्या छापासाठी स्प्रे बाटली; हात कागदावर ठेवून भोवती रंग फवारायचा. रंग पुन्हा गाळा, नाहीतर तोटी तुंबते. जवळून मारला तर रंग बोटांखाली शिरतो, वीतभर तरी लांब धरा. नळीने तोंडाने फुंकायला देऊ नका, लहान मुलं रंग ओढून घेतात.

मुलुंडकर : ब्रशऐवजी काय? आणि दिवे मालवून करू का?

कातळरेघ : कडुलिंबाच्या काड्या, टोक ठेचून.

गेरूमाती : दिवे राहू द्या. अंधारातली, चरबीच्या दिव्यांच्या उजेडात काढलेली चित्रं फ्रान्समधल्या लास्को गुहेतली. पुरातत्त्वज्ञ वाकणकरांनी 1957 मध्ये शोधलेलं भीमबेटका म्हणजे उघडे शैलाश्रय, खडकांखालचे आडोसे, तिथे दिवसाचा उजेड पोचतो. त्याऐवजी कागद अदलाबदल करून जुन्या चित्रावर नवं काढायला लावा. तिथल्या ‘झू रॉक’ या प्राण्यांच्या चित्रांनी भरलेल्या खडकावर वेगवेगळ्या काळांतली चित्रं अशीच एकावर एक आहेत. फक्त पहिला थर पूर्ण वाळू द्या. दमट हवेत अर्धा तास तरी पंखा लागेल, तेवढ्यात फोटो दाखवून घ्या.

कातळरेघ : खाली जुनी चादर अंथरा. प्लास्टिकवर रंग साचतो आणि पायांनी हॉलभर होतो.