प्रतिसाद: नुसत्या आकडेमोड करणाऱ्या?

हार्वर्डच्या वेधशाळेतल्या बायका नुसती आकडेमोड करत, शोध पुरुषांचे, असं वर म्हटलंय. पटलं नाही.

हेन्रिएटा लेव्हिटचंच घ्या. पेरूहून आलेल्या, आकाशाचे फोटो असलेल्या काचेच्या प्लेटा तपासताना तिला लहान मॅजेलन मेघातल्या (ही आपल्या शेजारची एक छोटी दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांचा समूह) 25 ताऱ्यांत दिसलं, की तेज कमीजास्त व्हायला जितका जास्त काळ, तितका तारा मुळात तेजस्वी. सगळे एकाच मेघातले, म्हणजे आपल्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर. त्यामुळे तेजातला फरक खराच. हे 1912 मध्ये छापलं गेलं, खाली सही मात्र संचालक पिकरिंग यांची! (मजकूर मिस लेव्हिटचा, एवढं त्यांनी लिहिलं, हे खरं.) म्हणजे काळ मोजला की खरं तेज कळतं, आणि ते दिसणाऱ्या तेजाशी ताडलं की अंतर. याच नियमावर खगोलशास्त्रज्ञ हबलने देवयानी आकाशगंगेचं अंतर काढलं. याला आकडेमोड म्हणायचं?

तो मेघ आपल्या खान्देशातून कधीच उगवत नाही. पण लेव्हिटच्या त्या ताऱ्यांच्याच जातीचा डेल्टा सेफी हा तारा दिवाळीच्या सुमारास संध्याकाळी घराच्या धाब्यावरून (गच्चीवरून) उत्तरेला दिसतो. साधारण साडेपाच दिवसांत त्याचं तेज कमी होऊन परत वाढतं, शेजारच्या ताऱ्यांशी ताडून नुसत्या डोळ्यांनी कळतं. चाळीसगावच्या पाटणादेवीला भास्कराचार्यांचा उल्लेख असलेला शिलालेख बघायला जाणाऱ्यांनी रात्री तिकडेही मान वळवावी.